पेवावरचा वर्ग

१

हळदीच्या वखारीत नाचाचा वर्ग चालतो म्हटल्यावर सांगलीतली माणसं आधी हसायची आणि मग आपलीच मुलगी आणून घालायची. राजमतीला दोन्हीची सवय झाली होती. वखार तिच्या धाकट्या भावाची, जिनपालची. हरिपुरात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. शेजारी नवी मोठी वखार उभी राहिल्यावर जिनपालनं जुनी बहिणीला देऊन टाकली होती. "नाच तिथं काय नाचायचं ते," असं म्हणून, पण फरशी मात्र स्वतः उभा राहून धुऊन घेतली होती.

कितीही धुतली तरी हळद जाते थोडीच! भिंती पिवळ्या, खिडकीचे गज पिवळे, आणि तास संपवून निघालेल्या मुलींचे तळपाय पिवळे. लग्नाआधीच पोरींना हळद लागली म्हणून आया लटकं रागवायच्या. वर्ग रविवारी सकाळी भरायचा. काही मुली बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन परस्पर यायच्या, कपाळावरचं चंदन नाचता नाचता घामानं नाकावर उतरायचं. राजमती एका पाटावर बसून लाकडी ठोकळ्यावर काठीनं ताल धरायची. वय छत्तिशीच्या पुढचं, लग्न केलेलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर वेळ मिळाला नाही म्हणून हसायची.

नाच सुरू करायच्या आधी नमस्कार आणि संपल्यावर नमस्कार. हात जोडायचे, अर्धं बसायचं, भुईला बोटं लावून डोळ्यांना लावायची. आता तुझ्यावर पाय आपटणार आहोत, क्षमा कर, एवढाच त्याचा अर्थ. या एका नमस्कारापायीच राजमतीच्या आईनं तिला नाच शिकू दिला होता. पायाखाली बारीक जीव मरतात म्हणून आधी ती ऐकायलाच तयार नव्हती. "आदी क्षमा मागत्यात म्हनतीस? मग शीक," एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली होती.

सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचा नमस्कार यांत तसूभरही फरक नसतो. त्यामुळे राजमतीच्या गुरू, लीलाबाई, यांचे दोन कडक नियम होते. उशिरा येऊन जिचा पहिला नमस्कार चुकला तिनं शेवटचाही करायचा नाही. "भुईला तो पैलाच वाटंल," बाई म्हणायच्या, "आन् मग घरी जाऊन भाकरी थापता थापता नाचत बसशीला." दुसरा नियम, नाच अर्धा टाकून नमस्कार करायचा नाही. "भरल्या ताटावरनं उठल्यावानी दिसतंय ते." मुली खुदुखुदु हसायच्या, पण नियम पाळायच्या. राजमती आता आपल्या वर्गात तेच नियम सांगायची, बाईंच्याच शब्दांत, आणि मुली तशाच हसायच्या.

पंचाहत्तर सालच्या माघातल्या एका रविवारी तिनं काठी थांबवली. मुली एकदम थांबल्या. आणि सगळ्या थांबल्यावर एक पाऊल जास्त पडलं.

सगळ्यांनी विमलकडे पाहिलं. विमल जिनपालची मुलगी, वर्गात सगळ्यात चपळ आणि सगळ्यात खोडकर.

"आत्ती, म्या न्हवं," विमल म्हणाली. तिचे दोन्ही पाय जागच्या जागी टेकलेले होते.

२

लीलाबाई मूळच्या शिराळ्याकडच्या. वडील पलटणीत सुभेदार, आणि पलटण वर्षानुवर्षं मद्रासकडे. तिकडे तंजावरच्या एका म्हाताऱ्या नर्तकीच्या हाताखाली या पोरीनं लहानपण घालवलं. पुढं लग्न झालं ते कोयनेच्या धरणावरच्या ओव्हरसियरशी. राजमतीच्या वडलांनी त्याच वेळी कोयनानगरला किराणा दुकान टाकलं होतं. म्हणून तर सांगलीची जैनाची मुलगी कोयनेच्या धुक्यात भरतनाट्यम् शिकली, नाहीतर शिकायचं काही कारण नव्हतं.

वर्ग वसाहतीच्या हॉलमध्ये भरायचा. कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर बाईंचा चहा, खुंट्यांना टांगलेली ओली घोंगडी आणि त्यांचा तो कुबट, उबदार वास. बोगद्यात सुरुंग उडाला की फरशी तळव्यांना गुदगुल्या करायची. बाई काठी न थांबवता म्हणायच्या, "बगा, भुई ताल धरतीया. तुमाला येत न्हाई आन् तिला येतोय." म्हशीवानी पाय आपटू नगंस, हा त्यांचा लाडका शब्दप्रयोग. इतकं सुख आपल्याला मिळालं होतं आणि तेव्हा कळलंही नाही, असं राजमतीला अजून वाटायचं.

लहानपणी बाईंच्या डाव्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं. त्यामुळे त्यांची डावी टाच जराशी उशिरा पडायची, पावलामागून आल्यासारखी. मुलींनी नाचाबरोबर तीही उचलली. राजमती पुढं पुण्याला परीक्षेला गेली तेव्हा परीक्षकांनी कपाळाला हात लावला. ती टाच वेळेवर आणायला तिला दोन वर्षं लागली होती, आणि टाच वेळेवर आली त्या दिवशी ती रडली होती.

बाईंकडे एक मराठी पद होतं, तंजावरहून आणलेलं. एका बाईचं, जी उंबऱ्यात उभी राहून वाट बघते. त्याचा शेवट बाईंनी कधी शिकवला नाही. "शेवट फुडल्या वर्षी," असं दर वर्षी. राजमती आता विद्यापीठासाठी जो प्रबंध लिहीत होती तो याच पदांवर होता. शब्द तिला ग्रंथालयांत सापडले होते, शब्द कुठंही सापडतात. पाय सापडत नव्हते. त्या शेवटावाचून प्रबंधाचं निम्मं म्हणणं लंगडं पडत होतं, आणि ते फक्त बाईंच्या पायांत होतं.

सदुसष्ट सालच्या डिसेंबरात पहाटे भूकंप झाला तेव्हा बाई हॉलमध्ये एकट्याच रियाज करत होत्या. उठून सगळ्यांचे डबे करायच्या आधी त्या रोज तेवढं आपलं म्हणून नाचायच्या. भिंत आत पडली आणि बाई तिच्याखाली गेल्या. राजमती भेटायला गेली तेव्हा ओव्हरसियरसाहेब म्हणाले, "पायात घुंगरं व्हती बग तिच्या." म्हणजे नाच सुरू झाला होता. पहिला नमस्कार झाला होता आणि शेवटचा राहिला होता. राजमतीच्या मनात तेव्हा हेच आलं होतं, आणि अशा वेळी हे काय सुचतंय म्हणून तिला स्वतःची लाज वाटली होती.

३

"खाली पेव हाय की, आक्का," जिनपाल म्हणाला. त्याला हसू येत होतं. "तुला ठावं न्हाई? पेवावर नाचतीयास तू. घुमनारच."

हरिपूरची पेवं राजमतीला ठाऊक नसायला काय झालं. घागरीसारखे जमिनीत खणलेले खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठं, ज्यांत हळद वर्षानुवर्षं राहते. जुनी वखार अशाच एका पेवावर बांधलेली होती एवढं मात्र तिच्या लक्षात नव्हतं. तात्याबा हमाल चाळीस वर्षं हळदीत वावरलेला, त्याची नखंसुद्धा पिवळी. त्यानं कोपऱ्यातली चौकोनी फरशी दाखवली. कडेनं माती लिंपलेली होती.

"ह्येच्यात पानी झिरपाय लागलं, म्हनून मोकळं केलं," तो म्हणाला. "त्वांड लिंपून टाकलंय. आत काय न्हाई. नुस्ता हळदीचा भुगा."

राजमतीनं टाच आपटून पाहिली. खालून घुमलं, लगेच, आपटल्याबरोबर. तिनं पुन्हा आपटली, पुन्हा लगेच. रविवारचं पाऊल असं लगेच आलं नव्हतं. ते सगळं शांत झाल्यावर, श्वास घेऊन आलं होतं. पण प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला अशा गोष्टींचं कारण लागतं, आणि पेव हे चांगलं मजबूत कारण होतं. ते घेऊन ती घरी गेली.

पुढल्या रविवारी पुन्हा एक पाऊल जास्त पडलं. मुली आता त्याला हसू लागल्या होत्या. "पेवानं पन सराव केला, ताई," एकजण म्हणाली, आणि राजमतीही हसली.

४

दुपारी वखारीत निवांत असायचं म्हणून ती तिथं लिहायला बसू लागली. फरशीवर चटई, समोर पुस्तकं. बाहेर कुठंतरी हळद कांडायचं यंत्र चालू असायचं. एका दुपारी ते बंद पडलं आणि तिला खालचा आवाज ऐकू आला.

पावलं. अगदी सावकाश, कुणी घरात निजलेलं असावं आणि त्याला जाग येऊ नये अशी. तिनं आधी यंत्राला दोष दिला, मग नदीला, मग स्वतःच्या कानशिलांत उडणाऱ्या शिरेला. हळूहळू लय धरली गेली. दोन पावलं उजवी, एक डावं, आणि डाव्यामागून जराशी उशिरा टाच.

भीती आली, नाही असं नाही. पण भीतीच्या आधी दुसरंच काही आलं. हळदीच्या त्या कोरड्या वासातून तिला ओल्या घोंगड्यांचा वास आला, स्टोव्हवरच्या चहाचा वास आला. पंधरा वर्षांची पोर होऊन ती चटईवर बसली होती. डोळे कधी भरले तिला कळलं नाही.

"बाई," ती म्हणाली. मग फरशीशी मोठ्यानं बोलल्याबद्दल शरमून तिनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. खाली पद सुरू झालं होतं, ते उंबऱ्यात वाट बघणाऱ्या बाईचं.

५

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. घरी सांगायची, लिहायला जाते. लिहिणं कधीच मागे पडलं होतं. ती फरशीवर अनवाणी उभी राहायची आणि खालून येईल तसं वर करत जायची. पुस्तकांत ज्याच्यासाठी इतकी वर्षं डोकं घातलं ते आता तळव्यांतून वर चढत होतं. कुठं थांबायचं, कुठं ओठ न हलवता हसायचं, हे पायच सांगत होते. तिला वाटायचं, हे आपलं वेड असेल. बाईंची सय इतकी साचलीय की ती आता जमिनीतून ऐकू येतेय. असेना का, ती स्वतःला म्हणायची, वेडातून का होईना, पद तर मिळतंय.

फक्त शेवट मिळत नव्हता. पद शेवटाच्या तोंडाशी यायचं, लय दुप्पट व्हायची, उजवा पाय उचलला जायचा आणि तो खाली पडायचा नाही. न पडलेलं पाऊल ऐकू कसं येईल, असं कुणी विचारील. नाचणाऱ्याला ऐकू येतं. जिथं आवाज यायला हवा तिथं एक भोक राहतं. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सावकाश सुरुवात.

ते कुठलं ठिकाण आहे हे राजमतीला पहिल्याच दिवशी समजलं होतं. तिथंच भिंत आत आली होती. तरी ती रोज जायची. आज पाऊल पडेल, आज बाई पुढं जातील, आशा कुणाला सुटते?

६

"पोरगी झोपंत पाय हालवतीया," जिनपालची बायको सुवर्णा म्हणाली. "डाक्तर म्हनत्यात वाढीचं वय हाय. आवं, वाढीनं कुनी असं वाळतंय व्हय?"

विमल खरंच वाळली होती. घोटे सुजले होते. राजमतीनं तिला स्वयंपाकघरात पाहिलं तेव्हा ती चुलीपुढच्या शेणानं सारवलेल्या जागेत एकटीच नाचत होती. ते पद राजमतीनं कुणालाच शिकवलं नव्हतं. विमलनं ते पहिल्यापासून केलं, सगळं बिनचूक, आणि डावी टाच जराशी उशिरा. लय दुप्पट झाली, उजवा पाय उचलला गेला आणि तसाच राहिला. पोर लडखडली आणि कोपरावर आपटली. मग उठली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"विमल, बास," राजमती म्हणाली.

"बाई थांबल्याबिगर कसं थांबू, आत्ती?"

"कोण बाई?" वर्गात सगळ्या तिला ताई म्हणायच्या.

"खालच्या," विमल म्हणाली. काठी थांबल्याशिवाय कुणी थांबायचं नाही, ही शिस्त राजमतीनंच तिला लावली होती. पोरीच्या आवाजात भीती नव्हती, नुसता थकवा होता.

जिनपालनं विमलला उचलून खाटेवर ठेवलं. ती खाटेवरही पाय हलवत राहिली. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "आक्का, उंद्या मी वकारीला कुलूप घालतोय. लय झालं."

त्यानं कुलूप घातलं असतं तर आवाज थांबला असता का? राजमतीला ठाऊक होतं, थांबला नसता. तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती आणि तिची तिला किळस आली. कुलूप लागायच्या आत एकदा जाऊन ऐकावं, कदाचित आज शेवट येईल, असं तिच्या मनात आलं होतं. आणि ती गेलीही. शेवट आला नाही. ती परतली तेव्हा विमलच्या तळपायांना चिरा पडल्या होत्या, आणि सुवर्णा त्यांत लोणी भरत रडत होती.

त्या क्षणी राजमतीनं शेवटाचा नाद सोडला. प्रबंध गेला तरी चालेल, पद गेलं तरी चालेल. बाईंचा नाच मिटला पाहिजे, म्हणजे पोरीचा मिटेल.

७

सकाळी कुलूप लागायच्या आत राजमतीच्या सांगण्यावरून तात्याबानं पहारीनं माती फोडली आणि फरशी बाजूला सारली. आतून गार, कडवट वास वर आला. पेवात माणूस उतरायच्या आधी कंदील सोडतात, विझला तर आत वारा वाईट. तात्याबानं दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो विझला नाही. राजमती कडेला गुडघे टेकून वाकली.

तळाशी हळदीचा भुगा होता, बोटभर जाड, पिठासारखा मऊ. त्यात पावलं उमटली होती. चालत गेलेली नाहीत, एका जागीच. टाचा जवळ, चवडे बाहेर वळलेले, जसे नाचायला अर्धं बसल्यावर असतात. इतक्यांदा आपटलेली की तिथं दोन खोल खळगे झाले होते.

"कोन उतरलं व्हतं गं बाई ह्यात?" तात्याबा म्हणाला. "लिंपून तर म्याच टाकलं व्हतं."

"कुनी न्हाई," राजमती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबचा वाटला.

तात्याबा दोरी सावरायला वळला, कंदील खाली जरा झुलला आणि उजेड भिंतीकडे सरकला. तिथं पाय होते. घोट्यापर्यंत, त्याच्या वर अंधार. डावा भुग्यात रुतलेला, घोट्याला घुंगरं. उजवा उचललेला, हवेत, बोटं ताणलेली, आता पडणार अशा बेतात. उजेड परत आला आणि गेला, तेव्हा भिंत होती नुसती.

राजमतीला ओरडता आलं असतं. तिला रडू आलं. सात वर्षं बाई तो पाय धरून उभ्या होत्या, आणि आपण वर बसून पुढचं पाऊल कधी पडतं त्याची वाट बघत होतो. तिनं हात जोडले. गुरूचं राहिलेलं शिष्यानं पुरं करावं, यात वावगं काय? बाईंच्या वतीनं, बाईंना सोडवायला, शेवटचा नमस्कार. नमस्काराचे दोन्ही प्रकार दिसायला एकच, फरक फक्त भावाचा, असं तिनंच प्रबंधात लिहिलं होतं, आणि तिचा भाव अगदी निर्मळ होता. ती अर्धी बसली, पेवाच्या कडेच्या मातीला बोटं लावली आणि डोळ्यांना लावली.

खाली पाऊल पडलं. हलकं, पुरं, भरलेलं पाऊल. मग पेव इतकं रिकामं झालं की ते रिकामं झालेलं तात्याबालाही कळलं असावं. त्यानं कंदील वर ओढला आणि न विचारता फरशी लोटली.

८

विमल त्या दुपारी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. उठली आणि भाकरी मागितली. सुवर्णानं नणंदेच्या पाठीवरून हात फिरवला. जिनपाल पुढं काही दिवस बाजारातून येताना बहिणीसाठी काही ना काही घेऊन यायचा, एकदा पेढे, एकदा नुसतीच मोगऱ्याची फुलं. कुलपाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

राजमतीला कितीतरी वर्षांनी बाईंची आठवण दुखल्याशिवाय आली. कोयनेचं धुकं, ओली घोंगडी, म्हशीवानी पाय आपटू नगंस. बाई सुटल्या, तिला वाटलं. ती आनंदात दूध तापवत उभी होती. दूध वर यायची वाट बघता बघता पायानं आपसूक ताल धरला. दोन उजवी, एक डावं, आणि जराशी उशिरा टाच.

जुनी खोड परत आली म्हणून ती हसली. हसता हसता तिला आठवलं. पहिला केला नाहीस तर शेवटचा करू नगंस, भुईला तो पैलाच वाटंल.

दूध उतू गेलं. ती खाली बघत राहिली. तिचे पाय घासून धुतलेले होते आणि तळवे पिवळेच होते.

मग काय झालं, ती स्वतःला म्हणाली. आपण सुरू केलं असेल तर आपणच संपवावं. पद नाचायचं, नमस्कार करायचा, झालं. रात्री सगळे निजल्यावर तिनं ते केलं. शेवटाच्या तोंडाशी उजवा पाय उचलला गेला आणि तिथंच राहिला, कारण पुढं काय आहे हे तिला माहीत नव्हतं. तिनं तसाच नमस्कार केला. पाय ऐकेनात. नाच अर्धा टाकून करायचा नाही, हा बाईंचा दुसरा नियम.

विद्वान बाई ती, तिनं शेवट रचून पाहिला. ग्रंथांत बसणारा, तालाला चुकणार नाही असा. मग दुसरा, मग आणखी कितीतरी. पाय त्यातला एकही घेईनात. ते उचललेल्या जागी येत, घुटमळत, आणि पुन्हा पहिल्यापासून सावकाश सुरू होत.

ती वखारीत गेली. फरशीवर पालथी पडून तिनं कान टेकला. ज्या आवाजानं तिच्या अंगावर काटा यायचा त्याची तिनं तिथं सबंध दुपार वाट पाहिली, उंबऱ्यातल्या त्या बाईसारखी. "बाई," ती म्हणाली, "शेवट सांगा की." शेवट ज्यांना ठाऊक होता त्यांना तिनंच आपल्या हातानं जाऊ दिलं होतं. खालून काही आलं नाही.

९

रविवारी मुली आल्या. चंदन लावलेल्या, सायकलींच्या घंट्या वाजवत. विमलही आली, गालांवर पुन्हा मांस धरलेली, आणि तिनं आल्या आल्या एकीची वेणी ओढली. मुलींनी नमस्कार केला. ताईंनी आज केला नाही, हे एक-दोघींच्या लक्षात आलं. ताई आज पाटावर बसल्याही नव्हत्या, उभ्या राहूनच, वाकून ठोकळ्यावर काठी मारत होत्या.

वर्ग चांगला झाला. लय छान धरली सगळ्यांनी. "म्हशीवानी पाय आपटू नगंस," ताई म्हणाल्या आणि मुली हसल्या. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात हळदीचे कण तरंगत होते.

काठी थांबली. मुली एकदम थांबल्या. आणि सगळ्या थांबल्यावर एक पाऊल जास्त पडलं, त्यामागून जराशी उशिरा टाच.

या वेळी कुणी खाली पाहिलं नाही. सगळ्या ताईंकडे बघत होत्या. ताईंचे डोळे समोरच्या भिंतीवर होते आणि उजवा पाय वर उचललेला होता. विमलचं हसू आधी गेलं. मग बाकीच्यांचं गेलं, आणि सगळ्या तो पाय खाली यायची वाट बघत राहिल्या.